चुन्यात अख्खी ढेप

...नाही, पण मी म्हणतो, चुना म्हणजे काय लाडू आहे? आमच्या बेडशाच्या हौशीराम गवंड्याला हे कोणी सांगायचं? त्याची बायको अंबूबाई कानीकपाळी ओरडत होती हो, पण बायकोचं ऐकलं तर मावळात तोंड कुठं दाखवायचं!

तुम्हाला सांगतो, लोणावळ्याला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्याचं काम चाललेलं, न्हाणीघराच्या भिंतीला विलायती चिनीमातीच्या फरशा, पांढऱ्याशुभ्र, इतक्या गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल... आणि त्या चिकटवणार कोण, तर हौशीराम! आता चुन्यात बेलफळाचा गर, मेथीचं पाणी, जरासा गूळ घातला की चुना ओल धरतो, फरशी सोडत नाही, ही बापजाद्यांची रीत, मान्य! पण याचं डोकं चाललं ना... फरशी दुप्पट गुळगुळीत, तर गूळ चौपट! घातली अख्खी ढेप! अरे बाबा, चुना म्हणजे काय लाडू आहे? गूळ जास्त झाला की चुना घट्टच होत नाही!

बरं, लावल्या फरशा, गप्प बसावं की नाही? लेकीची सोयरीक उर्स्याच्या रखमाजीआबांच्या सोपानशी ठरत आलेली, नुसता होकार यायचा बाकी, तर हा आबांनाच घेऊन गेला भिंत बघायला. म्हणे, आधी माझं काम बघा, मग घराणं जोखा.

दार उघडलं... आणि काय सांगू! भिंतभर मुंग्या! काळ्या, तांबड्या, मुंगळेसुद्धा, साऱ्या मावळातल्या गोळा झालेल्या! बंगल्याचा राखणदार इनायत खराटा घेऊन उभा, तो हळूच म्हणतो, "मिस्त्री, इतकं दिस झालं, चुना अजून वाळंना." आबांनी एका फरशीला बोट लावलं, सहज हो! ती लागली खाली सरकायला, सावकाश, सासरी निघालेल्या पोरीसारखी, तिच्यामागं दुसरी, तिसरी... हौशीराम दोन्ही हात पसरून भिंतीला चिकटला! तोंड भिंतीकडं, पाठ आबांकडं, कान लालबुंद. लेकीची सोयरीक आपल्याच हातानं मोडली, या शरमेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातावर मुंग्या चढतायत, झटकणार कशानं? सांगा, चुना म्हणजे काय लाडू आहे?

आबांनी चुन्याचं बोट धोतराला पुसलं. मग खाकरले. "हौशीराम, पोरगी आमाला पसंत हाय. तोंड गोड करायला घरात गूळ हाय, का समदा हितंच घातला?"

हौशीरामनं भिंत सोडली नाही. मान खाली घालून म्हणाला, "हितंच हाय, आबा. मुंग्या उठल्या की काढून देतो."