आजोबांची शेवटची फुंकर

मी कधी तोंड उघडत नाही म्हणता ना? मागच्या महिन्यात क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात मी सगळ्यांसमोर ओरडले.

आजोबांचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. त्यांनी वैजापूरला जिनिंगच्या गिरणीत कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेलं, म्हणून तीन दिवसांपूर्वी डॉक्टरांनी ऑपरेशनआधी नळीत सगळी हवा फुंकून फुप्फुसं तपासायला सांगितली होती. आजोबा दोनदा फुंकताना मध्येच थांबले.

तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाबा, सगळी हवा बाहेर काढा. आता शेवटचं, नाहीतर ऑपरेशन पुढं जाईल."

आजोबा माझ्या कानाशी आले. "सगळीच काढली अन् परत आत आलीच नाय तर?"

"आजोबा, कितीही फुंकलं तरी लिटरभर हवा आत राहतेच. ती कुणालाच काढता येत नाही. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात आहे."

"व्हय?"

त्यांनी नळी ओठांत धरली.

"फुंका! अजून! अजून!" हे मीच ओरडत होते. यंत्राच्या पडद्यावरची रेघ चढत राहिली. आजोबांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या.

"झालं! छान!" ताई म्हणाल्या.

आजोबांनी दम घेतला आणि माझ्यावर डोळे वटारले. "तीन दिस झोपलो नाय मी. अन् तू हे ठाऊक असून गप बसलीस?"