बर्फाचे राखणदार

सौदीतल्या आमच्या जुबैलच्या प्लांटवरचा पीटर म्हणजे अजब वल्ली! उत्तर ध्रुवाजवळच्या गावचा, तिथल्या राखीव फौजेतला. सुट्टीत गावी कवायत असायची. थंडीची सवय मोडू नये म्हणून हा बाबा भर उन्हाळ्यात, मूळच्या आमच्या रत्नागिरीच्या हसनभाईंच्या जुबैलमधल्या कोल्ड स्टोरेजमध्ये, फरचा कोट घालून सुरमईशेजारी बसायचा.

एकदा हसनभाईंनी बाहेरूनच दार किलकिलं करून, मला दुभाषी करून त्याला विचारलं, "तुमच्याकडे शत्रू कोण?"

पीटर म्हणाला, "अजून कुणी आलेला नाही."

"मग राखता काय?"

"बर्फ."

हसनभाई भडकले. "मग मी इतकी वर्षं काय करतोय? मला कधी कुणी सलाम ठोकलाय?"

पीटर ताडकन उठला, दार सताड उघडून बाहेर आला आणि त्यांना कडक सलाम ठोकला.

हसनभाई ओरडले, "सलाम राहू दे, आधी दार लाव! बर्फ वितळतोय!"