बिननळीचा पंप आणि वहिनींची सुई

नव्या वैद्याविषयी शंका म्हणून जुन्याचीही पुडी घेणाऱ्या रोग्याची कथा वऱ्हाडात अनेक रूपांत आढळते. अकोल्याच्या रूपात जुना वैद्य मांत्रिक असतो. अमरावतीचे रूप आमच्याच घरी घडले.

मधुमेही वहिनींची रोजची सुई सुटावी म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या दंडावर बिननळीचा इन्सुलिन पंप चिकटवला. जेवणाआधी मी रिमोटचे बटण दाबले.

"भाऊजी, काईच दुखलं नाई. औषध गेलं कशावरून?"

"गेलं, वहिनी. जेवा आता."

त्या आत जाऊन आल्या आणि जेवल्या. दीडेक तासात त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले.

"वहिनी, सुईही टोचली का?"

"मंग? तुमचा डबा रिकामा निंगाला असता तं?"

मी साखरपाणी पाजले. सावरल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे होतं याच्यात औषध."

आणि उरलेल्या सुया त्यांनी माझ्या हाती ठेवल्या.