गळालेलं पाचवं नाव

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या खातेदार मंडळींनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या बहिणींनो,

सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी हेलपाटे मारले नाहीत, असा एकही माणूस या मांडवात नसेल. मोरगावहून सकाळची एसटी धरायची, कचेरीत यावं तर तलाठी भाऊसाहेब सजेच्या गावी गेलेले. सजेवर जावं तर ते मीटिंगला. थांबावं तर रजिस्टर कपाटात आणि किल्ली घरी. कागद आपल्याच जमिनीचा, आणि तो मागताना आपणच चोरासारखे उभे. ही तक्रार मी तुमच्यापुढं टेबलावर मूठ आपटून कितीदा मांडली असेल. आज मूठ वळत नाही.

मला रडू येत नाही. सुमनवहिनी, नवरा तुमचा गेला, तुमच्यासमोर हे सांगायची लाज वाटते, पण खरं आहे. माणिक गेल्याचं कळलं तेव्हा मी चहा पीत होतो, आणि मी तो चहा संपवला. कप विसळून ठेवला. मग त्याच्या दुकानात गेलो. भर दुपार होती. वीज गेलेली. माणिक कॉम्प्युटरपुढं खुर्चीतच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी बरं म्हणालो. आज पाच दिवस झाले. तेव्हापासून कुणी काहीही सांगितलं की मी बरं म्हणतो. काय बोलू मी?

तरी बोलायला हवं, कारण माणिकचं काम अर्धं राहिलं आहे.

ज्यांनी त्याला फक्त खिडकीपलीकडून पाहिलं, त्यांच्यासाठी सांगतो. माणिक मेंढरं राखणाऱ्या घरातला. शिकला, मार्केट यार्डाजवळ एक गाळा घेतला आणि त्यात एक कॉम्प्युटर मांडला. अडत्यांसाठी त्यानं प्रोग्रॅम लिहिला. माल कुणाचा, कुठल्या गावचा, किती डाग, म्हणजे किती पेट्या, सगळं पडद्यावर. अडते आधी हसले. एक तात्या म्हणाले, मेंढरं मोजायची सोडून आता डाळिंबं मोजतोस व्हय? माणिक म्हणाला, मेंढरं हलत्यात तात्या, डाळिंबं सोपी.

तो प्रोग्रॅम कचेरीतल्या साहेबांनी पाहिला. सरकारकडं रजिस्टरं होती, मशीन नव्हतं. माणिककडं मशीन होतं. करार झाला. माणिकनं उतारे टाइप करायचे, गावाकडून ते तपासून घ्यायचे, ते बरोबर असल्याची सही करायची. साहेबांनी मग मंजुरी द्यायची. त्यानंतर तुम्हाला खिडकीवर उभ्या उभ्या उतारा मिळायचा.

मी विरोध केला. सरकारचं दप्तर दुकानदाराच्या हाती? मी सभा घेतली. माणिक त्या सभेला आला, पुढच्या रांगेत बसला आणि टाळ्या वाजवल्या. नंतर म्हणाला, "मास्तर, भाषण झकास झालं. आता उद्या या आणि माझ्या चुका काढा." मी गेलो. चूक मात्र मला सापडली नाही. ती सापडली खडकवाडीच्या हौसाआत्याला.

चावडीवाचन तुम्हाला ठाऊक आहे. दप्तरातली नोंद गावासमोर मोठ्यानं वाचायची, ज्याची हरकत असेल त्यानं बोलायचं. जुनी रीत. अलीकडं ती कागदावरच होत होती. माणिक हटून बसला, मी टाइप केलेलं मी वाचून दाखवणार. साहेब म्हणाले, वेळ जाईल. माणिक म्हणाला, जाऊ द्या.

खडकवाडीच्या चावडीवर तो वाचत होता. हौसाआत्या शेळी शोधत आली होती. दाराशी थबकली. तिच्या भावाचा उतारा चालला होता.

"माझं नाव न्हाय त्यात," आत्या म्हणाली.

माणिकनं पुन्हा वाचलं.

"किती बी वाच, बाबा. न्हाय ते न्हाय. बाप गेला तवा भाऊसाहेबांनी माझ्या म्होरं लिवलं हुतं."

तिचा भाऊ खांबाशी बसला होता. तो म्हणाला, बरं झालं की. मशीननं तिचं हक्कसोडपत्र करून घेतलं, स्टँपबी लागला न्हाय. चावडी हसली. मीही हसलो.

माणिक हसला नाही. त्यानं मूळ रजिस्टर मागवलं. त्यात आत्याचं नाव होतं. पाचवं.

काय झालं होतं? प्रोग्रॅम अडतीचा. तिथं एका मालाला चार नावांची जागा पुरते. चार भावांचा सामाईक माल, संपलं. पाचवं नाव घातलं तर मशीन तक्रार करत नव्हतं, ते नाव गुपचूप गळत होतं. आणि आपल्याकडं पाचवं नाव कुणाचं असतं? वारस कसे लिहितो आपण? आधी मुलगे, थोरल्यापासून. मग मुली. मग विधवा. असं लिहा म्हणून कुणी सांगत नाही. हात आपोआप तसा चालतो. मशीननं शेवटची नावं गाळली, आणि ती सगळी बायकांची निघाली.

माणिक उभा राहिला आणि भरल्या चावडीत म्हणाला, "आत्या, चूक माझी हाय."

मी आयुष्यभर सरकारी चावड्या पाहिल्या. हे वाक्य तिथं कधी ऐकलं नव्हतं.

प्रोग्रॅम त्यानं आठवड्यात दुरुस्त केला. पण टाइप झालेल्या गावांमधली नावं गेली ती गेलीच होती. त्यानं साहेबांना सांगितलं, गावोगाव वाचन झाल्याशिवाय बरोबर असल्याची सही मी करणार नाही. मग स्कूटरवर कागदांचे गठ्ठे बांधून तो गावोगाव फिरला. काही गावांत माणसं आली. बऱ्याच गावांत नाही आली. दोन-दोन तास रिकाम्या चावडीत बसून तो परत यायचा. का आली नाहीत माणसं? विचारू नका. तुम्हाला माहीत आहे.

मलाही माहीत आहे. आता जे सांगतो ते आधी कुणाला सांगितलेलं नाही.

एक दिवस माणिकनं माझ्या कन्हेरी गावच्या जमिनीचा उतारा माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, वाचा मास्तर. मी वाचला. बरोबर आहे म्हणालो. तो म्हणाला, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचला. वैतागून म्हणालो, बरोबर आहे, किती वेळा सांगू?

"अक्काचं नाव कुठं हाय?"

माझी थोरली बहीण. सोमेश्वरनगरला दिलेली. स्त्रियांच्या हक्कावर मी किती गावांत गळा काढला असेल? घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. आणि आम्हा चार भावांची नावं मी दोनदा वाचली, तरी काही कमी असल्याचं मला जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त कागद दुकानात ठेवलेला होता. अक्का, तू मागं बसली आहेस. आज ऐकते आहेस.

काल मी साहेबांना भेटलो. माणूस वाईट नाही. म्हणाले, करार माणिकशी होता, तो राहिला नाही. वाचन न झालेल्या गावांचे उतारे आहेत तसे मंजूर करावे लागतील. मंजूर झाले की जुनी रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये जातील, आणि गळालेल्या प्रत्येक बाईला आपलं नाव परत लिहून घ्यायला भांडत बसावं लागेल. कुणाशी? स्वतःच्या भावाशी.

मी मुदत मागितली. ते म्हणाले, मास्तर, चावडीवर माणसंच येत नाहीत, वाचू कुणासाठी? मग तेच म्हणाले, सोमवारी सकाळी दहाला उरलेल्या सगळ्या चावड्या उघड्या ठेवतो. जिथं माणसं येतील तिथं वाचन करू. जी चावडी रिकामी राहील, तिथल्या कागदांवर मंगळवारी सही.

गठ्ठे सुमनवहिनींकडं आहेत. निम्मे उतारे त्यांनीच टाइप केलेत. आज सकाळी त्यांनी मला एवढंच सांगितलं, सोमवारी पहिल्या चावडीत मी वाचायला बसते. सुतकात बाहेर कसं पडायचं, असं कुणीतरी विचारलं. वहिनींनी त्याच्याकडं पाहिलं आणि गठ्ठ्याची दोरी बांधत राहिल्या.

माणिकचा फोटो लावू नका. त्याच्या नावानं फलक नको. आता आपण उभे राहू. घड्याळ लावू नका. आपापल्या उताऱ्यावरचं नाव न् नाव मनातल्या मनात म्हणून होईल, तितका वेळ गप्प उभे राहू. एखादं नाव आठवायला वेळ लागला, तर लागू द्या.

आणि सोमवारी सकाळी दहाला आपापल्या चावडीवर या. एकटे येऊ नका. बहिणीला घेऊन या.