पुतळ्याला हात नसतात

एक्स-रेच्या खोलीबाहेर रंगारी भिंतीला पाठ घट्ट टेकून बसला होता. अंगातला दवाखान्याचा गाऊन मागून उघडा आणि उजवा हात प्लास्टरमध्ये. समोरच्या बाकावर तसलाच गाऊन घातलेल्या काकू सोबतच्या मुलीशी बोलत होत्या.

"अगं, ही शिवण आपल्याच कारखान्याची!"

"काकू, उद्या ऑपरेशन आहे तुमचं. आता तरी कारखाना डोक्यातून काढा."

"आधी मागची नाडी बांध. माझा हात पोचत नाहीये."

"पण इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही आली."

"हे असलं अंगात घालून तक्रार करायला जाईल कोण? नमुना कुणाला घालून बघितला होता आपण?"

"पुतळ्याला."

"त्याला हात आहेत?"

"नाहीत."

"मग! जन्मभर गणवेश शिवले, शर्ट उलटा फिरवला आणि म्हटलं, झाला गाऊन."

"मालकांना सांगू?"

"सांग. यापुढे जो शिवेल त्यानं आधी स्वतः घालून बघायचं. मालकांनीसुद्धा. आणि नाडी कुशीला घ्यायची, पाठीवर नाही."

"तुम्ही परत आलात की बसू आपण दोघी."

"माझ्यासाठी कशाला थांबताय? मी नसले तरी जमलं पाहिजे तुम्हाला."

आतून रंगाऱ्याला हाक आली. तो जागचा हलेना. काकूंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग प्लास्टरकडे.

"भाऊ, पाठ इकडे करा. लाजू नका."

गाठ मारता मारता त्या मुलीला म्हणाल्या, "आणि हेही सांग गं. एका हातानं बांधता आली पाहिजे."