एका चार्जमध्ये पंधरा दिवस

पंक्चर काढून घ्यायला थांबलेल्या शिक्षिकाबाईंचे डोळे पुस्तकात होते, पण कान मात्र शेजारी विजेची सायकल सर्व्हिसिंगला घेऊन आलेल्या वयस्क जोडप्याकडे.

“बॅटरी पंधरा दिवस पुरते हो! हे रोज तळ्यापर्यंत जाऊन येतात, तरीसुद्धा,” काकू मेकॅनिकला कौतुकाने सांगत होत्या.

“काकू, एका चार्जमध्ये ही चाळीस किलोमीटर जाते. तळं जाऊन-येऊन दहा. चार दिवसांत संपायला हवी,” मेकॅनिक म्हणाला.

“अहो, मग तुम्ही तळ्यावर जातच नाही की काय? कोपऱ्यावर गप्पा छाटत बसता?”

“जातो गं. बहुतेकदा मोटर बंद ठेवून जातो.”

“म्हणजे पायडल मारत? छातीच्या ऑपरेशननंतर? दम लागू नये म्हणून तर ही घ्यायला लावली ना मी!”

“डॉक्टरच म्हणाले, व्यायाम करा, दम लागला की थांबा.”

“मग?”

“अजून लागला नाही.”

काका सीटवर नसलेली धूळ झटकू लागले.

“चढावरसुद्धा?”

“चढावर उतरून ढकलतो. खोटं कशाला बोलू?”

“भाऊ, मोटर नीट तपासून द्या हं. उद्यापासून मागे मी बसणार आहे.”