फी एकाचीच होती

आमचं मूळ तिकडचं, भंडाऱ्याकडचं. आजा पोटासाठी इकडे मध्य प्रदेशात आला अन् वारासिवनीलेच राह्यला, म्हणून घरात मराठी अन् उंबऱ्याच्या बाहेर हिंदी, असं आमचं. बाप राईस मिलमध्ये हमाल, माय त्याच मिलच्या ओट्यावर. ओटा म्हणजे कसं, उसन्या म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवतात, वाफेवर उकडतात, मंग सिमेंटच्या मोठ्या अंगणात पसरवतात, अन् बाया उन्हात पायानं तो धान फिरवत राह्यतात, दिवसभर. मायचे तळपाय असे टणक झाले होते का काटाही आत जाये नाही. घरी आम्ही कनकी खात होतो, मशीनीत तुटलेला तांदूळ, मिलमधून स्वस्तात भेटे. आख्खा तांदूळ पाहुणा आला तर. लहानपणी मले वाटे, तांदूळ तुटलेलाच उगवते.

आम्ही दोघं भावंडं, मी शीला, अन् माह्यापेक्षा लहान दीपक. दोघंही सरकारी शाळेत. मिलच्या मुनीमाचा पोरगा मात्र टाय लावून प्रायव्हेट शाळेच्या व्हॅनमध्ये जाये. एक दिवस मुनीम बापाले म्हणे, दशरथ, तू भी अपने लड़के को हमारे वाले में डाल दे. झालं, बापाच्या डोक्यात तेच बसलं. घरी येऊन म्हणे, टाकतो. माय म्हणे, दोघायले? बाप म्हणे, दोघायची फी काय माह्या पाठीतून काढू, एकाचीच होते, तीही तंबाखू सोडली तर. आता एकाची म्हणजे कोणाची, हे कोणी विचारलंच नाही. मीही नाही विचारलं. आमच्याकडे घरोघरी असंच होतं, अजूनही हाय, पोट्टा व्हॅनमध्ये अन् पोट्टी पायी. वरून बाप म्हणे, शीलाची आठवी होऊ दे, मंग तिले मायसंगं ओट्यावर धाडू, तेवढाच फीले हातभार. मी तेव्हा आठवीतच होती. म्हणजे माही शाळा उन्हाळ्यापर्यंतच.

दीपकची पुस्तकं इंग्रजी. तो घरी येये अन् दप्तर फेकून रडे. मंग मीच त्याच्यासंगं बसे, आमच्या मास्तरची डिक्शनरी मागून आणली होती, एकेक शब्द पाहून त्याच्या पुस्तकात पेन्सिलनं हिंदीत अर्थ लिहून देये. त्याले शिकवता शिकवता मलेच ते गोड लागाले लागलं, खरं सांगते. तो म्हणे, ताई, माह्या जागी तूच जाय ना, तुले टाय मस्त दिसन.

अन् मंग शाळेतून बोलावणं आलं, मायबापायनं भेटाले यावं म्हणून. बाप म्हणे, मी नाही जात बा, तिथं इंग्रजीत विचारलं तर? माय म्हणे, मले तर हिंदीच धड येत नाही. असे हे दोघं, पोट्ट्याले तिथं टाकला, पण स्वतः त्या फाटकातून आत जायची हिंमत नाही. शेवटी दोघायनं मिळून मले पाठवलं, दीपकची गार्जियन म्हणून. मी सरकारी शाळेच्या ड्रेसवरच गेली. बाकी सगळे सेंट मारून आलेले.

मॅडम म्हणे, बेटा, मम्मी-पापा कहाँ हैं? मी म्हटलं, मिल में हैं मैडम, मैं ही आई हूँ. थोडी हसली. मंग दीपकचं पुस्तक उघडलं अन् म्हणे, ये पेंसिल से किसने लिखा? मी म्हटलं, मैंने. तुम कौन सी में हो? आठवीं, सरकारी में. तिनं आणखी दोन-चार पानं उलटली, मंग म्हणे, अगले साल भी ऐसे ही पढ़ाना इसको, नहीं तो ये नहीं निकलेगा.

मी घरी येऊन जशाचं तसं सांगितलं. बाप खूश, म्हणजे पोट्टा पास होईन! माय चुलीपाशी होती. म्हणे, म्हंजे फी त्यायले देऊन राह्यलो अन् शिकवून राह्यली आपली शीला? बाप म्हणे, तुले काय समजते त्यातलं. माय म्हणे, मले एकच समजते, कच्चा धान मशीनीत टाकला का त्याची कनकी होते, उकडून टाकला तर तुटत नाही. पोट्ट्याले तुम्ही कच्चाच टाकला. बाप चिडला, पोट्टे काय धान हायेत का? तर माय म्हणे, नाही ना, धानाची तरी तुम्ही काळजी घेता.

 दीपकनं तर सांगूनच टाकलं, मले नाही जमत, टाय गळ्याले टोचते. परीक्षा झाल्यावर बापानं त्याले काढून परत सरकारीत टाकला. पण माह्या ओट्याचं काय, ते तसंच लटकलं होतं. मायनं माह्यासाठी जुनी साडी फाडून डोक्याले बांधाचा फडकाही करून ठेवला होता, उन्हासाठी.

अन् मंग मिलमध्ये सगळ्यायसमोर मुनीम बापाले म्हणे, क्या दशरथ, हवा निकल गई? बापाच्या पाठीवर तेव्हा पोतं होतं. तो तसाच थांबला अन् म्हणे, नहीं साहब, पैसा लड़की के कॉलेज के लिए रख रहे हैं.

काय सांगू तुम्हाले, हे आम्हाले घरी कोणाले माहीतच नव्हतं! खुद्द बापालेही नव्हतं. रागात तोंडातून निघून गेलं. माय त्या दिवशी ओट्यावर गेली नव्हती, संध्याकाळी तिथल्या बायाच तिले सांगत आल्या. माय बापाले म्हणे, आता बोलले तर करा. तो फडका मंग चुलीवरचं भांडं उतरवाच्या कामाले आला.

मुनीम दर वर्षी विचारे, लड़की कहाँ तक पहुँची? अन् बापाले उत्तर द्याच लागे. नौवीं. ग्यारहवीं. मंग बालाघाटचं कॉलेज, रोज बसनं जाणं-येणं. बापानं तंबाखू पुन्हा धरली नाही, चिडचिड मात्र लय वाढली.

आता मी बालाघाटमध्येच राह्यते, बँकेच्या छोट्या सेंटरवर काम करते. दीपक आयटीआय करून उकव्याच्या मँगनीजच्या खदानीत लागला, माह्यापेक्षा जास्त कमावते, अन् सांगत फिरते का ताईनं शिकवलं. माही पोरगी यंदा पहिलीत गेली. नवरा म्हणे, सगळ्यायची पोरं व्हॅननं जातात, आपण काहून नाही? ओढून-ताणून जमलंही असतं. मी म्हटलं, सध्या सरकारीत जाऊ दे, संध्याकाळी मी हाय ना घरी, थोडी उकडू दे. सहावीत पाहू. तो हसला, म्हणे, सासूबाईची पोरगी शोभतं. शोभते तर शोभते.

कोणाले प्रायव्हेट जमत असन तर त्यायनं खुशाल टाकावं, सगळ्यायच्या लेकरायचं भलं होवो. माहं एवढंच, आमच्या खानदानात मी पहिली बी.ए. झाली. फर्स्ट नाही, सेकंड डिव्हिजन. पण झाली.